क्रॉयडनमध्ये निवडणूक ड्युटी

अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. निवडणूक जाहीर झाली की आमच्या घरात "कोण उभंय?" हा प्रश्न नंतर यायचा, आधी "ड्युटी कुठं लागली?" कोयनेकाठचं एखादं गाव लागलं की आई आदल्या रात्री दशम्या करून ठेवायची, आणि अण्णा मतपेटी, शिक्के, लाख, मेणबत्ती असं सामान घेऊन एसटीत बसायचे. दुसऱ्या दिवशी मध्यरात्री परत यायचे ते तारवटलेल्या डोळ्यांनी. आम्ही विचारायचो, "कोण आलं निवडून?" त्यांना त्यात फारसा रस नसायचा. ते म्हणायचे, "हिशोब जुळला बाबा एकदाचा."

त्यामुळे २०२२ च्या ५ मेला लंडनच्या क्रॉयडन बरोत (बरो म्हणजे इथलं महापालिका क्षेत्र) मी स्वतः मतदान केंद्रावर टेबलामागे बसले, तेव्हा पहिला फोटो अण्णांना पाठवायचा होता. पण केंद्रात फोटो काढता येत नाही. तर हे त्या फोटोऐवजी. आणि इथे राहणाऱ्या, असं काही करावंसं वाटतं पण "आपल्याला कोण घेणार" म्हणून गप्प बसणाऱ्या मराठी मंडळींसाठीही.

आधी कबुली. तेव्हा मला इथे नऊ वर्षं झाली होती, त्यातली आठ वर्षं मी मतदार नव्हते. दर पावसाळ्याच्या शेवटी (इथे पावसाळा असा नसतो, पण माझं कॅलेंडर अजून तसंच चालतं) कौन्सिलकडून, म्हणजे इथल्या महापालिकेकडून, घरातल्या मतदारांची खातरजमा करणारं पत्र यायचं आणि मी ते पिझ्झाच्या जाहिरातींबरोबर टाकून द्यायचे. माझा पासपोर्ट भारतीय. ज्या देशाचं नागरिकत्व नाही तिथे मतदान कसलं, असं मी धरून चालले होते. २०२१ च्या ऑगस्टमध्ये शेजारच्या श्रीलंकन मावशींनी कुंपणावरून सांगितलं, की अगं, कॉमनवेल्थ देशाचा नागरिक असलीस आणि इथे कायदेशीर राहत असलीस तर तुला मत आहे. कौन्सिलला आहे आणि पार्लमेंटलाही. व्हिसा कायमचाच हवा असं नाही, कामाच्या व्हिसावरही चालतं. मला खरं वाटेना. घरात येऊन सरकारी संकेतस्थळावर बघितलं. बरोबर होतं.

नोंदणीला पाच मिनिटं लागली. नाव, पत्ता, जन्मतारीख, राष्ट्रीयत्व आणि नॅशनल इन्शुरन्स नंबर. कसलीही झेरॉक्स नाही, साक्षांकन नाही, फी नाही. फॉर्ममध्ये एक प्रश्न येतो, की 'खुल्या' यादीत नाव ठेवायचं का? तिथे नको म्हणा. ती यादी कोणालाही विकत मिळते. मतदानासाठी वापरतात ती पूर्ण यादी वेगळी. आणखी एक फायदा मला नंतर कळला. मतदार यादीत नाव असलं की बँका आणि कर्ज देणाऱ्या कंपन्यांना पत्त्याची खात्री पटते, त्यामुळे क्रेडिट रेकॉर्डला मदत होते. दहाएक दिवसांत नोंदणी झाल्याचं पत्र आलं.

पहिलं मत दिलं ते ७ ऑक्टोबर २०२१ च्या सार्वमतात. क्रॉयडनची थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. हा लंडनच्या दक्षिण टोकाचा, वस्तीने सगळ्यात मोठ्या बरोंपैकी एक, जवळपास चार लाखांचा. २८ वॉर्ड, ७० नगरसेवक. नोव्हेंबर २०२० मध्ये कौन्सिलने 'कलम ११४' ची नोटीस काढली, म्हणजे तिजोरीत खडखडाट असल्याचं अधिकृतपणे मान्य केलं आणि अत्यावश्यक सोडून सगळा नवा खर्च थांबवला. वाचनालयं राहणार की जाणार इथपासून बोलणी सुरू झाली. त्यानंतरचं हे सार्वमत. कौन्सिलचा नेता नगरसेवकांनी निवडायचा, की महापौर थेट लोकांनी? पाचांतल्या चौघांनी थेट महापौराला कौल दिला. म्हणून २०२२ च्या ५ मेला नगरसेवकांबरोबर पहिल्यांदाच महापौराचीही निवडणूक होती. आपल्याकडच्या महापौरासारखा हा फीत कापण्यापुरता नाही. कारभार त्याच्याच हातात.

त्या सार्वमताच्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये मत देऊन निघताना टेबलावरच्या मुलीला विचारलं, हे काम कसं मिळतं? ती म्हणाली, "अर्ज करा की. माणसं कमीच पडतात."

जानेवारीत कौन्सिलच्या संकेतस्थळावर अर्ज भरला. पद होतं पोल क्लार्क, आपल्याकडच्या भाषेत मतदान अधिकारी. पूर्वानुभवाच्या रकान्यात काही नव्हतं, तिथे 'वडील' असं लिहावंसं वाटलं होतं. महत्त्वाचे प्रश्न दोनच. इथे काम करण्याचा हक्क आहे का, आणि कुठल्या उमेदवाराचा किंवा पक्षाचा प्रचार करताय का. प्रचार करणाऱ्याला हे काम मिळत नाही. दारावर एखादी चळत पत्रकं टाकलीत तरी नाही. कामाच्या हक्कासाठी सरकारी संकेतस्थळावरून नऊ अक्षरी शेअर कोड काढून पाठवला. तो काही ठरावीक दिवसच चालतो, म्हणून मागितल्यावरच काढा. मी हौसेने आधीच काढून ठेवला होता आणि नंतर परत काढावा लागला.

मग पाच आठवडे काहीच नाही. मी गृहीत धरलं की नाही झालं. मार्चच्या मध्यावर मेल आली. थॉर्नटन हीथ भागातला एक चर्चचा हॉल, सकाळी सव्वासहाला हजर, मतदान सात ते दहा, रात्री दहा. मध्ये केंद्र सोडून जाता येणार नाही. जेवायलासुद्धा नाही.

पंधरा तास वाचून नवऱ्याने विचारलं, "नक्की?" मी हो म्हटलं आणि त्याने त्या दिवसाची रजा टाकली, कारण मतदानाला इथे सुट्टी नसते. गुरुवार असतो, साधा कामाचा गुरुवार. ज्या शाळांमध्ये केंद्र असतं तेवढ्या बंद. आमच्या लेकीची शाळा त्यांतलीच निघाली.

एप्रिलमध्ये प्रशिक्षण झालं. आधी घरी बसून संगणकावर तासाभराचे धडे आणि शेवटी प्रश्नमंजूषा, मग एका संध्याकाळी दोन तास प्रत्यक्ष. तिथे मला धडकी भरली ती नियमांची नाही, महापौराच्या मतपत्रिकेची. कारण तिची पद्धत निराळी. उमेदवारांच्या नावांपुढे दोन रकाने. पहिल्या रकान्यात पहिल्या पसंतीची फुली, दुसऱ्यात दुसऱ्या पसंतीची. पहिल्या फेरीत कोणाला निम्म्याहून जास्त मतं नाही मिळाली तर वरचे दोघं ठेवून बाकी सगळे बाद, आणि बाद झालेल्यांच्या मतदारांची दुसरी पसंती त्या दोघांत वाटायची. नगरसेवकांची मतपत्रिका वेगळ्या रंगाची. त्या वॉर्डात तीन जागा, म्हणून तीनपर्यंत फुल्या. म्हणजे एकाच माणसाच्या हातात दोन कागद, दोघांचे नियम दोन तऱ्हेचे. आणि हे समजावताना "तुम्हाला आवडणारा" असला एक शब्दही आपल्या तोंडून जाता कामा नये. ठरलेलं वाक्य पाठ करून तेवढंच म्हणायचं.

यातली गंमत म्हणजे मतदानाच्या आठवडाभर आधी, २८ एप्रिलला, पार्लमेंटच्या नव्या निवडणूक कायद्यावर राजमुद्रा उमटली. त्यात महापौरासाठीची ही दोन पसंत्यांची पद्धतच काढून टाकली आहे. क्रॉयडनच्या महापौरासाठी ती पहिल्यांदा वापरली आणि लगेच ती गेलीही. एवढं घोकून पाठ केलेलं वाक्य त्या एका दिवसापुरतंच. याच कायद्याने फोटो ओळखपत्रही आणलंय, पण २०२२ मध्ये ते लागू नव्हतं. तेव्हा नाव आणि पत्ता सांगितला की झालं.

स्वतःच्या मताचं काय, हा प्रश्न मला सुदैवाने वेळेत पडला. ड्युटी दुसऱ्या केंद्रावर असली की टपाली मत मागून घेणं सगळ्यात सोपं. त्याची मुदत १९ एप्रिलच्या संध्याकाळी पाचपर्यंत होती. नोंदणीची शेवटची तारीख १४ एप्रिल. ती तारीख मी लंडनमधल्या आमच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. वेगळी आठवण करून द्यावी लागली नाही, आंबेडकर जयंती सगळ्यांच्या लक्षात असते. तिघांनी त्या दिवशी नोंदणी केली.

४ मेच्या संध्याकाळी केंद्राध्यक्ष बाईंचा फोन आला. आवाज वयस्कर, ठाम. "दोन वेळचं खाणं आण, पातळ सोल्याचे बूट घालू नकोस, आणि स्वेटर. चर्चचे हॉल मे महिन्यातही चर्चचे हॉलच असतात." त्यानंतर लगेच पुण्याहून अण्णांचा फोन. तिथे महापालिकेची मुदत मार्चमध्येच संपलेली, प्रशासक बसलेला. त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने राज्य निवडणूक आयोगाला दोन आठवड्यांत रखडलेल्या निवडणुकांचा कार्यक्रम जाहीर करायला सांगितलं होतं, त्यामुळे अण्णा तावातावात होते. मग म्हणाले, "बरं ते असू दे. तुझ्याकडं मशीन आहे का कागद?" मी म्हटलं, कागद. आणि पेन्सिल. बराच वेळ पलीकडून आवाज नाही. "पेन्सिल? खोडली तर?" मी म्हटलं, ज्याला भीती वाटेल त्याने स्वतःचं पेन आणायचं. अण्णांना ते काही पटलं नाही.

पहाटे पावणेपाचला उठून थालीपिठं लावली. डब्यात पोहेही घेतले. १०९ नंबरची बस पकडली, तेव्हा एक पौंड पासष्ट. बसमध्ये सफाईच्या कामावर निघालेले लोक, सगळे पेंगत. सहा वाजून दहा मिनिटांनी हॉलच्या दाराशी केंद्राध्यक्ष बाई गाडीच्या डिकीतून काळी पेटी काढत होत्या. निवृत्त ग्रंथपाल, हे काम वीस वर्षं करतायत. तिसरा आमच्यात एक विद्यार्थी, मूळचा नायजेरियाचा, त्याचीही पहिलीच वेळ.

पाऊण तासात हॉल उभा करायचा होता. लाकडी आडोसे उघडून लावले, प्रत्येकात सुतळीने पेन्सिल बांधली. बाहेर पाट्या, आत मोठ्या अक्षरांतली नमुना मतपत्रिका, अंध मतदारांसाठी मतपत्रिकेवर चिकटवायची पारदर्शक पट्टी. पेन्सिली बांधायचं काम माझ्याकडे आलं. सुतळी इतकी लांब ठेवायची की डावखुऱ्या माणसालाही पुरली पाहिजे, हे बाईंनी तीन आडोसे झाल्यावर सांगितलं. परत सोडून बांधल्या.

सातला पाच कमी असताना बाईंनी रिकामी पेटी उलटी करून आम्हाला दोघांना आणि दारात आलेल्या पहिल्या मतदाराला दाखवली आणि सील लावलं. पहिला मतदार ओव्हरऑल घातलेला प्लंबर होता. तो म्हणाला, "रिकामी आहे, शपथेवर सांगतो," आणि सगळे हसलो. पोटातली कळ गेली.

आता काम नेमकं काय असतं ते सांगते. मतदार यादी आडनावांप्रमाणे नसते, रस्त्याप्रमाणे आणि घर नंबराप्रमाणे असते. म्हणून आधी पत्ता विचारायचा, मग नाव. माझ्यापुढे यादी आणि एक पट्टी. नाव सापडलं की मतदार क्रमांक आणि नाव मोठ्याने म्हणायचं आणि पट्टी ठेवून रेघ मारायची. शेजारचा मुलगा त्याच्या यादीत मतपत्रिकेच्या क्रमांकापुढे तो मतदार क्रमांक लिहायचा, दोन्ही कागद फाडून द्यायचा. दोन तासांनी अदलाबदल. पट्टी नसेल तर रेघ तिरकी जाते आणि खालच्या घरातल्या माणसाचं मत जातं. बाईंनी हे सांगताना पट्टी माझ्या हातात अशी दिली, जणू मुंजीतला दंड.

नावांपुढे अक्षरं असतात. 'ए' असेल तर टपाली मतदार, त्याला इथे मतपत्रिका द्यायची नाही. युरोपीय देशांच्या नागरिकांपुढे वेगळं अक्षर, कारण त्यांना काही निवडणुकांतच मत आहे. कॉमनवेल्थ नागरिकांपुढे काहीच नाही. ब्रिटिश नावासारखंच कोरं. हे कळल्यावर दुपारच्या सामसुमीत मी यादीतली देसी नावं नुसती बघत बसले होते.

आणि नावं! गेली नऊ वर्षं माझ्या नावाची इथे जी वाट लावली जाते, तिची भरपाई त्या दिवशी झाली. तमिळ आजोबा लांबलचक नाव सांगताना सवयीने अक्षर अक्षर फोडून सांगू लागले, तोवर मी ते पूर्ण म्हणून रेघ मारलीसुद्धा. गुजराती काकांनी मला गुजरातीच ठरवून टाकलं आणि किती वाजता सुटणार, जेवलीस का, सगळं विचारून घेतलं. आफ्रिकन नावांना मात्र माझी त्रेधा उडत होती, तिथे शेजारचा मुलगा पुढे सरसावायचा.

सर्वांत वाईट वाटलं ते साडेनऊच्या सुमाराला. एक तिशीतला माणूस, टाय वगैरे लावून, कामावर जाता जाता आला. पत्ता यादीत होता, नाव नव्हतं. "पण मी कौन्सिल टॅक्स भरतो," तो म्हणाला. बाईंनी निवडणूक कार्यालयात फोन लावून खात्री केली. नाव नाही. कौन्सिल टॅक्सचं, म्हणजे आपल्या घरपट्टीसारख्या कराचं, खातं वेगळं, मतदार नोंदणी वेगळी, एकीकडे नाव असलं म्हणून दुसरीकडे आपोआप जात नाही. तो काही न बोलता गेला. दिवसभरात असे चौघं आले. वाचताय त्यांनी कृपया आजच बघा.

घरी आलेलं मतदान कार्ड आणायलाच हवं असं नाही, पण आणलंत तर आमचं काम सोपं होतं. कारण त्यावर केंद्राचं नाव असतं, आणि रस्त्याच्या एका बाजूची घरं आमच्याकडे तर समोरच्या बाजूची भलत्याच शाळेत, असा प्रकार फार. टपाली मत घरीच राहून गेलं तर भरून, पाकिटं नीट बंद करून केंद्रावर आणून देता येतं. एका बाईंनी मात्र ते रद्दीत टाकलं होतं आणि त्या इथे मत द्यायला आल्या. त्यांना कौन्सिलच्या कार्यालयात पाठवावं लागलं. हरवलेल्या टपाली मतपत्रिकेच्या जागी दुसरी तिथे संध्याकाळी पाचपर्यंतच मिळते.

माझी चूक झाली ती अकरा चाळीसला. तेव्हा आम्ही जागा बदलल्या होत्या आणि मी मतपत्रिका देत होते. दाराशी नऊ-दहा जणांची रांग, एका आजींबरोबर आलेलं लॅब्रॅडॉर टेबलाखाली माझ्या पायांवर बसलेलं (कुत्री चालतात, का विचारू नका), आणि मी ६८ क्रमांकाची मतपत्रिका फाडून मतदार क्रमांक लिहिला ६७ च्या ओळीत, आधीच्या आकड्याला चिकटून. पुढचा माणूस समोर आला तेव्हा लक्षात आलं. कानशिलं गरम झाली. मी खोडरबर शोधू लागले. बाई शांतपणे उठून आल्या. "खोडायचं नाही. एक रेघ मार, बरोबर आकडा योग्य ओळीत लिही, शेजारी सही कर." वर्गात अण्णा आमच्या वह्यांना नेमकं हेच सांगायचे. रांगेतल्या माणसाला बाई म्हणाल्या, "एक मिनिट, आम्ही तुमचं मत नीट जपतोय." त्याने मान हलवली.

दुपारी एकाने मात्र खरा प्रश्न विचारला. माझा क्रमांक मतपत्रिकेच्या क्रमांकासमोर लिहिताय, मग हे गुप्त मतदान कसलं? मलाही प्रशिक्षणात हाच प्रश्न पडला होता. उत्तर असं, की ही यादी मतदान संपताच पाकिटात सीलबंद होते, न्यायालयाच्या आदेशाशिवाय उघडता येत नाही आणि वर्षाने नष्ट करतात. एकाने दुसऱ्याच्या नावावर मत दिल्याची तक्रार झाली तर शोध घेता यावा म्हणून ही सोय. त्याचं समाधान झालं का माहीत नाही. मत मात्र दिलं त्याने.

दुपारी दोन ते चार म्हणजे वाळवंट. थालीपीठ त्या वेळात खाल्लं, टेबलापासून चार पावलांवर उभं राहून. बाईंनी अर्धं घेतलं, "यात काय काय आहे?" विचारलं, मी भाजणीतली धान्यं मोजू लागले आणि पाचव्याला थांबले, कारण इंग्रजीत बाजरी-ज्वारीनंतर माझं गाडं अडतं. बाहेर दोन पक्षांचे स्वयंसेवक, एकाचा बिल्ला लाल, दुसऱ्याचा निळा, एकाच बाकावर बसून एकाच पुड्यातली बिस्किटं खात होते. ते येणाऱ्यांना मतदार क्रमांक विचारतात. आपला कोणता समर्थक अजून आला नाही हे बघायला. त्यांना क्रमांक सांगणं बंधनकारक नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

सव्वाचारला एक गृहस्थ आले, महापौराची मतपत्रिका घेतली आणि नगरसेवकांची हातानेच परत सारली. "ती नको. त्या सत्तरांनीच दिवाळं काढलंय." मी बाईंकडे पाहिलं. मतदाराला एकच कागद घ्यायचा असेल तर जबरदस्ती नाही, म्हणाल्या, आणि आपल्या वहीत काहीतरी टिपून घेतलं.

साडेपाच ते आठ मान वर करायला उसंत नव्हती. पाठ केलेलं वाक्य मी एवढ्या वेळा म्हटलं की घसा बसला. "दोन रकाने, प्रत्येकात एक फुली. या दुसऱ्या कागदावर तीनपर्यंत." तरी एका मुलाने पहिल्याच रकान्यात दोन फुल्या केल्या आणि कावराबावरा होऊन परत आला. पेटीत टाकायच्या आत आणली तर चुकलेली मतपत्रिका बदलून मिळते. जुनीवर शेरा मारून ती वेगळ्या पाकिटात जाते. लाजून तशीच टाकू नका, एवढंच सांगणं. एक तमिळ आजी नातीचा हात धरून आल्या, दिसत कमी होतं. नातीने सोबतीच्या मदतीचा फॉर्म भरला, आजीबरोबर आडोशाआड गेली, आणि आतून आजीचा दबका पण खणखणीत तमिळ आवाज येत राहिला. आम्हाला तिघांनाही तमिळ येत नाही, ही देवाची कृपा.

नऊ वीसनंतर कोणीच आलं नाही. हॉल गार पडला. दहा वाजता रांगेत असलेल्या प्रत्येकाला मत देता येतं असा नियम आहे, पण रांगच नव्हती. बाईंनी फोनवर सेकंदकाटा बघत थांबून, दहा वाजता रिकाम्या हॉलला उद्देशून मोठ्याने जाहीर केलं, "मतदान संपलं." मग पेटीच्या फटीवर सील.

आणि हिशोब. पेटी उघडायची नसते, ते मोजणीच्या ठिकाणी. इथे मिळालेल्या मतपत्रिका, उरलेल्या, बदलून दिलेल्या, यांवरून पेटीत किती असायला हव्यात तो आकडा काढायचा, दोन्ही निवडणुकांचा वेगळा. महापौराचा आकडा यादीतल्या रेघांशी जुळला. नगरसेवकांचा एकाने कमी. मी उरलेला गठ्ठा परत मोजला. त्या मुलाने मोजला. एक कमीच. माझ्या पोटात गोळा, अकरा चाळीसचा घोळ म्हणजे. मी बाईंना ती ओळ दाखवायला यादी उलटू लागले. त्यांनी चष्मा वर सरकवला, आपली वही उघडली आणि बोट ठेवलं. "चार पंधरा. दुसरी मतपत्रिका नाकारली." एक अधिक एक कमी, जमलं. मी खुर्चीत बसले ती दोन मिनिटं उठलेच नाही.

आडोसे मिटवून, पेन्सिली सोडवून, पाकिटांवर सह्या करून निघायला पावणेअकरा झाले. पेटी बाईंच्या गाडीतून मोजणीकेंद्राकडे गेली. मी १०९ ने घरी.

मोजणीला आठवड्याची अखेर लागली. महापौरपद काँझर्व्हेटिव्ह पक्षाचे जेसन पेरी यांना मिळालं, दुसऱ्या पसंतीची मतं मोजल्यावर लेबरच्या व्हॅल शॉक्रॉस यांच्यापेक्षा फक्त ५८९ मतं जास्त. नगरसेवकांत लेबर ३४, काँझर्व्हेटिव्ह ३३, ग्रीन २, लिबरल डेमोक्रॅट १. म्हणजे महापौर एका पक्षाचा आणि कौन्सिलमध्ये बहुमत कोणाचंच नव्हतं.

पैसे महिनाअखेरीला बँकेत आले, प्रशिक्षणाचे धरून दोनशे पौंडांच्या थोडे वर. माझी मुख्य नोकरी दुसरी असल्याने त्यातून सरसकट २० टक्के कर आधीच कापला गेला. पगारपत्रक ईमेलच्या स्पॅममध्ये सापडलं, तिथे बघायला विसरू नका. केंद्राचं आणि वॉर्डाचं नाव मी इथे मुद्दाम टाकलेलं नाही. गुप्ततेच्या कागदावर सही केलेली आहे, ती मोडली तर सहा महिन्यांपर्यंतची कैद होऊ शकते.

मतदानाच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी डोळे चोळत अण्णांना फोन लावला. इथले निकाल त्यांना माहीत असायचं कारणच नव्हतं, आणि त्यांनी विचारलेही नाहीत.

"जुळला का?"

"एकाने कमी येत होता. मग सापडला."

"कुठं होता?"

मी सव्वाचारच्या गृहस्थांची गोष्ट सांगितली. अण्णा खूप हसले. मग त्यांनी मला १९८५ सालच्या एका निवडणुकीतली, पाटणच्या बाजूच्या केंद्रावरची, दोन मतपत्रिका कमी भरल्याची गोष्ट सांगायला घेतली. ती मी आधी कधीच ऐकली नव्हती. मधेच मला झोप लागली. उठले तेव्हा फोन चालूच होता, आणि पलीकडे ते आईला सांगत होते, "झोपली वाटतं. पंधरा तास म्हणजे काय."